बिडी सोडली की पोट साफ होत नाही, त्याचं काय करायचं?

आमच्या केंद्रात तंबाखू सोडायला येणारी माणसं आधी खोकला, दम, घरातली कटकट सांगतात. जरा मोकळी झाली की आवाज खाली येतो, "मॅडम, बिडी नाही ओढली तर सकाळी होतच नाही हो." सोबत आलेले हसतात. मला हसू येत नाही, कारण या एका तक्रारीपायी नीट सुटलेली बिडी परत सुरू झालेली मी खूप वेळा बघितलीय.

इचलकरंजीकडचे एक यंत्रमाग कामगार, पन्नाशीचे (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात). रोज एक बंडल, कधी जास्त, आणि उठल्या उठल्या चहासोबत पहिली. दम लागायला लागला म्हणून डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलं. आधीही त्यांनी सोडून बघितलेली, पण तीन-चार दिवसांत पोट गच्च, गॅस, डोकं जड, मागावर लक्ष लागेना, शेवटी टपरीवरून एक घेतली, ओढली आणि थोड्या वेळात मोकळं झालं, मग डोक्यात पक्कं बसलं की बिडी हेच आपलं औषध. बायको म्हणायची निमित्तं सांगतायत. डॉक्टरांना हे सांगायची लाज.

मी दोघांसमोर सांगितलं, काका खोटं बोलत नाहीयेत. तंबाखूतलं निकोटीन आतड्यांच्या हालचालीला ढकलतं. वर्षानुवर्षं रोज सकाळी तो धक्का मिळाला की शरीर त्याचीच वाट बघतं, आणि तो एकदम बंद झाला की काही जणांची आतडी काही आठवडे सुस्त पडतात. त्यात चहा, बिडी, संडास हा क्रम इतका मुरलेला असतो की मधलं एक गेलं की पुढचं अडतं. पण ते कायमचं नसतं. हे ऐकून काकांचा चेहरा उतरायच्या ऐवजी सैलावला, आपलं कोणीतरी खरं मानलं म्हणून असेल.

मग सोडायची तारीख आम्ही दिवसपाळीच्या आठवड्यातली धरली, रात्रपाळीत झोप आणि पोट दोन्ही बिघडतं. आणि पोटाची तयारी तारखेच्या आठवडाभर आधीच सुरू केली, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. माग सोडून लघवीला जाता येत नाही म्हणून कारखान्यात पाणी कमी पितात आणि घाम तर धो धो, त्यामुळे बाटली जवळ ठेवायची ठरलं. जेवणात भाजी-भाकरी, पेरू, रात्री इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत (पाणी कमी पडलं तर उलट जास्त अडतं). सकाळी आधी काहीतरी पोटात घालायचं, कारण खाल्ल्यावर आतडी आपोआप हलतात, मग रोज त्याच वेळी जाऊन बसायचं, पण कुंथायचं नाही.

तलफ आवरायला डॉक्टरांनी निकोटीनची गोळी दिली, चघळायची. ती च्युइंगमसारखी सलग चावत राहायची नसते, चार-पाचदा चावून तोंडात झणझणलं की गालात ठेवायची, झणझण गेली की परत चावायची. आणि चहानंतर पंधरा मिनिटं तरी नाही, नाहीतर तिचा गुण कमी येतो. चहाबाज माणसाला हे पाळणं जड जातं.

पहिल्या आठवड्यात रोज फोन. "आज पण नाही झालं मॅडम." मी म्हणायचे, तलफ आली की दहा मिनिटं काढा, पाणी प्या, गल्लीच्या टोकापर्यंत चालून या, पोटासाठी बिडी पेटवू नका. मग एक दिवस स्वतःहून फोन आला, "झालं! बिडी न ओढता झालं!" इतका आनंद की मलाही भरून आलं.

पुढच्या भेटीत त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं, हिला पण विचारा. काकू रोज सकाळी मशेरी लावायच्या, कारण तेच, पोट. तंबाखू म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर धूर येतो, पण २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. मशेरीतलं निकोटीन हिरडीतून रक्तात जातं आणि आतड्यांवर तसंच काम करतं. काकूंचं अजून पूर्ण सुटलेलं नाही, दिवसातून चारदा लावायच्या ती एकदावर आलीय, आणि आता काकाच त्यांच्यासाठी रात्री इसबगोल भिजवतात.

शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, पोट फार दुखत असेल किंवा महिनाभरानंतरही तक्रार तशीच असेल, तर बिडी सोडल्याने होतंय म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि जवळपास केंद्र नसेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी मोफत नंबर आहे, पाकिटावरही छापलेला असतो. फोन केलात की पोटाचं पण सांगा, लाजू नका.