हिशेब बाहेर द्या, चाव्या देऊ नका

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या छोट्या युनिटला अकाउंट्स आणि पगारपत्रक बाहेर देणं परवडतं, पण सगळं एकदम देऊ नका. आधी पगारपत्रकाचं काम द्या. दोन महिने स्वतःच्या शीटशी ताळा जमला, की मग जीएसटी.

सगळ्यात जास्त घोळ लॉगिनमध्ये होतो. जीएसटी आणि पीएफ पोर्टलवर मोबाईल, ईमेल तुमचाच हवा. एजन्सी सोय म्हणून स्वतःचा टाकते, आणि पुढे बिलावरून वाजलं की ओटीपी त्यांच्याकडे जातो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं तसंच: ॲडमिन तुमच्याकडे, त्यांना वेगळा युजर. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतला डेटा कुलूपबंद करणारा पासवर्ड तर लिहूनच ठेवा, तो हरवला तर डेटा उघडत नाही. दर शनिवारी बॅकअप तुमच्या डिस्कवर घ्या, आणि अधूनमधून रिस्टोअर करून बघा. न उघडणारा बॅकअप काय कामाचा?

करारात ‘वेळेवर’ लिहू नका, तारखा लिहा. टीडीएस (कापलेला कर) ७ तारीख, मासिक जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) ११ तारीख, पीएफ-ईएसआय (कामगार विमा) १५ तारीख, जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरण) २० तारीख. त्याआधी तीन दिवस मसुदा तुमच्याकडे यावा. तुम्हीही बिलं २ तारखेच्या आत द्यायची, नाहीतर उशिराचं खापर त्यांच्यावर फोडता येणार नाही. तसंही विभागाची नोटीस तुमच्याच नावाने येते. त्यांच्या चुकीने व्याज लागलं तर ते कोण भरणार, हे आधीच ठरवा.

बँकेत त्यांना फक्त पेमेंट तयार करायचा अधिकार. मंजुरी तुमची.

एजन्सीने काम सोडताना डेटा किती दिवसांत आणि कुठल्या स्वरूपात मिळेल, हे कलम बहुतेक जण विसरतात.