लग्नासाठी रिसॉर्ट पक्कं करण्याआधी करार वाच
नुसते फोटो बघून आगाऊ रक्कम भरू नकोस. आधी करार मागव आणि शांतपणे वाच. पाहुण्यांचं खाणंपिणं काही रिसॉर्टांत पॅकेजमध्ये असतं, पण लग्नाची स्वतंत्र पंगत, डीजे, बाहेरचा फोटोग्राफर यांचे पैसे बरेचदा वेगळे लागतात. दुसऱ्या हॉटेलात उतरलेल्यांना डे पास (रिसॉर्टात दिवसभरासाठी येण्याचा विकतचा पास) घ्यावा लागेल का, तेही विचार.

खरी मेख खोल्यांच्या कलमात असते. राखून ठेवलेल्या खोल्यांपैकी किती, कोणत्या तारखेपर्यंत दंड न भरता सोडता येतात? पाहुणे ऐनवेळी गळतातच आणि भुर्दंड तुमच्यावर येतो. हे लेखीच घे, फोनवरच्या गोड आश्वासनांवर अजिबात विसंबू नकोस.

कॅरिबियन बेटं डोक्यात असतील तर जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम असतो. पाऊस आला तर विधी कुठे होणार, ती जागा स्वतः बघून ये.