नव्या नोकरीजवळ घर बघताना

भाडं विचारण्याआधी रस्ता तपासा. रविवारी दुपारी नकाशा उघडलात तर तो २० मिनिटं दाखवेल, त्यावर जाऊ नका. कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला एकदा जाऊन या. परतीचाही प्रवास करा, तो बहुधा जास्त रखडतो. घराला कुलूप लावल्यापासून टेबलाशी बसेपर्यंतचा वेळ मोजा. एका बाजूला ४५ मिनिटं वाढली, तर २२ दिवसांत ३३ तास जातात. तुलना करताना भाड्यात प्रवासखर्च मिळवा. मध्ये गाडी बदलावी लागत असेल तर शक्यतो नकोच: पहिली उशिरा आली की दुसरी चुकते. प्रोबेशन संपेपर्यंत लांब मुदतीचा करार टाळा. घर सोडण्याची नोटीस किती दिवसांची, हे सहीआधी वाचा.