‘ठरणे’ आणि ‘होणे’

प्रश्न : आमच्या बायबल अभ्यासगटात वाद झाला. माणूस फक्त विश्वासाने नीतिमान ठरत असेल, तर आतून तसाच राहिला तरी चालेल का? आणि ख्रिस्ताचं प्रायश्चित्त मला कसं लागू होतं?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, मी कोल्हापूरच्या न्यायालयात अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली. निकालाच्या दिवशी आरोपीच्या घरचे जिन्याखाली बसून असत, जेवणाचा डबा तसाच मांडीवर. आत एक वाक्य उच्चारलं जाई आणि माणूस सुटे. त्याचा स्वभाव त्या क्षणी बदलत नसे. न्यायासनापुढची त्याची जागा बदले. रोमकरांस पत्रातलं (३:२८) ‘ठरतो’ वाचलं की मला ते वाक्य ऐकू येतं. आपल्या भाषांतरकारांनी तिथे ‘होतो’ लिहिलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

वाद जुनाच आहे. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणारा मार्टिन लूथर १५४६ मध्ये वारला आणि थोड्याच वर्षांत त्याच्याच पंथातला, क्योनिग्जबर्गचा धर्मपंडित ओसिआंडर म्हणू लागला, नुसतं ठरवणं पुरत नाही. ख्रिस्ताचं देवपण आपल्यात वसतं, म्हणून आपण नीतिमान. १५७७ च्या ‘फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड’ या आपल्या श्रद्धापत्रात लूथरपंथीयांनी हे मत नाकारलं. मला त्यांचंच पटतं. माझ्या आईने शेवटच्या आजारात विचारलं होतं, “माझं पुरेसं झालं का रे?” तिला स्वतःच्याच मनात डोकावायला सांगून कसं भागलं असतं? मी तिला क्रूसाकडे पाहायला सांगितलं.

‘प्रायश्चित्त’ हा शब्द मात्र आपल्याला चकवतो. ज्याचं पाप त्यानेच प्रायश्चित्त घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. इथे ते देवच घेतो. दुसऱ्याचा दंड भरणारे मी पाहिले आहेत, पण दुसऱ्याची कैद कुणाला भोगता येत नाही. मग ख्रिस्ताने आपली शिक्षा कशी भोगली? यावर मला उजेड दिला तो लूथरच्या १५२० मधल्या ख्रिस्ती स्वातंत्र्यावरच्या पुस्तिकेने. त्यात तो लग्नाचा दाखला देतो : विश्वासाची अंगठी बोटात आली, की वधूचं पाप वराचं आणि वराचं नीतिमत्त्व वधूचं. दोघं परके उरतच नाहीत. आणि त्या घरात नांदताना ती बदलत जाते. बदलली म्हणून तिला घरात घेतलेलं नसतं.

पुढच्या बैठकीत रोमकरांस ४ आणि याकोब २ लागोपाठ वाचा. पौल म्हणतो माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, याकोब म्हणतो कृत्यांनीही, आणि दोघंही अब्राहामाचाच दाखला देतात. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात तो नीतिमान गणला गेला. इसहाकाला वेदीवर ठेवलं ते २२ व्या अध्यायात, आणि मधल्या काळात इसहाक जन्मून मोठा झाला होता. म्हणजे ठरणं आधी, कृती नंतर.