वाचकांचे प्रश्न : जुन्या शेतावर कधी जावे?

प्रश्न : मुलीला भेटण्यासाठी अमेरिकेतील आयोवा राज्यात जाण्याचा योग आहे. तेथे जुन्या काळची शेती प्रत्यक्ष करून दाखवणारे ‘लिव्हिंग हिस्ट्री फार्म्स’ हे संग्रहालय आहे, असे समजले. जुने पोशाख घालून केलेले हे नाटकच नव्हे का? आणि जायचेच झाले, तर कोणत्या महिन्यात जावे?
– एक वाचक

उत्तर : पोशाखापुरते नाटक म्हणता येईल, पण बैलांना वैरण रोज लागते आणि पिकलेला मका पाहुण्यांच्या सोयीसाठी थांबत नाही, त्यामुळे शेतावरचे काम मात्र खरेच करावे लागते. अर्बनडेल येथे १९७० साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात १७०० सालचे आयोवे या मूळनिवासी जमातीचे, १८५० सालचे नव्या वसाहतकारांचे आणि १९०० सालचे घोड्यांच्या बळावर चालणारे, अशी तीन शेते आहेत. ती याच क्रमाने पाहावीत, असा माझा आग्रह आहे. पहिल्या शेतात औत ओढणारे जनावरच नाही. मक्याच्या ताटांवर घेवड्याचे वेल चढतात, भोपळ्याची पाने जमीन झाकून तण दाबतात आणि घेवड्याच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते. दुसऱ्या शेतात बैल येतात, तिसऱ्यात घोडे आणि त्यांनी ओढायची यंत्रे; माणसाच्या अंगावरचे कष्ट कोणत्या टप्प्यावर किती हलके झाले, हे तेथे चालता चालता उमगते. (१८७० च्या दशकातले म्हणून उभारलेले गावही आहे, त्यातील लोहाराचे दुकान चुकवू नये.)

महिना मात्र आपल्या सवडीपेक्षा शेतीच्या कामावरून ठरवावा. मक्याची पेरणी साधारणपणे मे महिन्यात होते, ओटची कापणी जुलैत येते, तर ऑक्टोबरमध्ये वाळलेल्या मक्याची कणसे हातांनी मोडून गोळा केली जातात. एकदाच जाणे शक्य असेल, तर मी ऑक्टोबर निवडेन. घाईने सगळे पाहण्याऐवजी एखाद्या कामापाशी अर्धा तास थांबावे आणि ते करणाऱ्यालाच प्रश्न विचारावेत. ही माणसे आनंदाने बोलतात. हिवाळ्यात शेते नेहमीच्या भेटीसाठी बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवशी कोणते काम चालू आहे, याची चौकशी अवश्य करावी.