हेडर मोजून शिकव

प्रिय मित्रा,

मुलांना हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, शिकवण्याआधी इंग्लंडच्या जुन्या स्ट्रायकर जेफ अ‍ॅस्टलचे गोल दाखवायचा तुझा बेत चांगला आहे. पण एक लक्षात ठेव, त्याचा सगळ्यांत गाजलेला गोल डोक्याचा नाहीच. १९६८ ची एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेची फायनल, वेम्बली, समोर एव्हर्टन, जादा वेळ सुरू झालेला. उजव्या पायाचा फटका बचावपटूला लागून परत आला आणि त्याने तोच चेंडू डाव्या पायाने जाळ्यात मारला. सामना १-० ने संपला. त्या वर्षी स्पर्धेच्या प्रत्येक फेरीत त्याने गोल केला होता.

तरी त्याची ओळख हेडरचीच राहिली, आणि ती योग्यच होती. नॉट्स काउंटी क्लबात असताना त्याला हे तंत्र जुना नामवंत स्ट्रायकर टॉमी लॉटनने शिकवलं. त्या काळात इंग्लंडमध्ये याहून चांगला गुरू मिळणं अवघड होतं. १९६४ मध्ये तो वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबात गेला आणि तिथे ३६१ सामन्यांत १७४ गोल केले. प्रेक्षक त्याला ‘किंग’ म्हणायचे. खेळ थांबल्यावर पोटासाठी त्याने साफसफाईचा व्यवसाय केला. जानेवारी २००२ मध्ये, ५९ व्या वर्षी, तो गेला. शेवटी शेवटी आपण फुटबॉल खेळायचो हेही त्याला आठवत नव्हतं.

पुढचा भाग मुलांना नाही सांगितलास तरी चालेल, तुला मात्र माहीत हवा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूचं कारण लिहिलं: व्यवसायजन्य आजार. खाणकामगाराच्या फुप्फुसात धूळ साचून मृत्यू झाला तर जो शेरा मारतात, तोच. चामड्याचा जड चेंडू वर्षानुवर्षं डोक्याने मारून मेंदूला इजा झाली, असा त्याचा अर्थ होता. खेळाच्या कारभाऱ्यांनी तेव्हाच जागं व्हायला हवं होतं. तरुण खेळाडूंवर दहा वर्षं चालणारा एक अभ्यास सुरू असल्याचं कुटुंबाला सांगण्यात आलं होतं, त्याचे निष्कर्ष कधी प्रसिद्धच झाले नाहीत. २००३ मध्ये क्लबच्या मैदानावर अ‍ॅस्टलच्या नावाचे दरवाजे उभे राहिले. मेंदूची नव्याने तपासणी व्हायला मात्र २०१४ उजाडलं. ग्लासगोचे न्यूरोपॅथॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या आजारांचे तपासनीस डॉक्टर, विली स्टुअर्ट यांना त्यात क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे सीटीई आढळली. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडलेला हा आजार आधी मुष्टियोद्ध्यांमध्ये ओळखला गेला. त्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या अध्यक्षांनी कुटुंबाची माफी मागितली. दरवाजे लवकर बांधून होतात, चौकशीला बारा वर्षं लागतात, हे मला आजही खटकतं.

अ‍ॅस्टलची मुलगी डॉन हिने विषय सोडला नाही, म्हणून पुढचं संशोधन झालं. २०१९ मध्ये स्टुअर्ट यांच्या गटाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची तुलना सुमारे २३,००० सर्वसामान्य लोकांशी केली. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट निघालं. हृदयविकार आणि फुप्फुसाच्या कॅन्सरने मात्र ते कमी दगावले होते, तेव्हा पालकांना घाबरवू नकोस. २०२१ चा पुढचा अहवाल तुझ्या जास्त कामाचा आहे. गोलकीपरांचा धोका सर्वसामान्यांइतकाच होता, बचावपटूंचा पाच पट. हेडरच याचं कारण, हे त्यातून सिद्ध होत नाही, पण बोट कुठे जातं ते दिसतं. कोणत्या दशकात खेळले यानेही फरक पडला नाही. म्हणून ‘ते जुने चामड्याचे चेंडू होते, आता काळजी नाही’ असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नकोस. पाच नंबरचा चेंडू नियमाने आजही ४१० ते ४५० ग्रॅमचाच असतो. तो फक्त पाणी पीत नाही, आणि येतो जास्त वेगाने.

आता सरावाचं. इंग्लंडच्या असोसिएशनने २०२० मध्ये घातलेली मर्यादा तशीच उचल. अकरा वर्षांखालच्या गटापर्यंत सरावात हेडिंग नाही. बाराखालच्या गटाला महिन्यात एक सत्र, जास्तीत जास्त पाच हेडर. तेराखालच्यांना आठवड्याला एक सत्र, पाच हेडर. चौदा ते सोळाखालच्यांना आठवड्याला एक सत्र, दहा हेडर. आकडे प्रत्येक मुलाचे आहेत, संघाचे नाहीत.

घोळ मोजण्यात होतो. प्रशिक्षक ड्रिलमधले पाच मोजतो, आणि तू येण्याआधी मुलं एकमेकांना क्रॉस टाकून मारतात ते वीस कोणी धरतच नाही. म्हणून चेंडूंची जाळी तू पोचल्याशिवाय उघडायची नाही. दुसरी गळती कॉर्नरच्या सरावात असते. पंधरा कॉर्नर घेतले की स्टॉपरचा, म्हणजे मधल्या बचावपटूचा, आठवड्याचा कोटा एका संध्याकाळी संपतो. जागा कशी धरायची, कोणाला अडवायचं, हे शिकवताना त्याला चेंडू हाताने झेलायला सांग. उडी आणि वेळ तीच साधते, मार लागत नाही.

तंत्र फुग्यावर किंवा स्पंजच्या चेंडूवर सुरू कर. मग दोन-तीन मीटरवरून हाताने अलगद टाकलेला चेंडू. चेंडू केसांच्या रेषेखाली, कपाळाच्या सपाट भागावर लागला पाहिजे. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, दात दाबलेले, मान ताठ. जोर कमरेतून यायला हवा. सुरुवातीची मुलं डोळे मिटतात, चेंडू टाळूवर घेतात आणि मान सैल सोडतात, मग डोकं मागे झटकतं. त्या झटक्याचीच भीती आहे. मानेसाठी कपाळ, मागची बाजू आणि दोन्ही कानशिलं आपल्याच तळहाताने दहा-दहा सेकंद दाबायला लाव, वॉर्मअपमध्ये रोज.

चेंडूकडेही बघ. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा दे, तो ३५० ते ३९० ग्रॅमचा असतो. शाळेत सगळ्यांना मिळून एकच पाच नंबरचा आणि तोही दगडासारखा फुगवलेला असेल, तर हवा काढ. नियमात हवेचा दाब साधारण साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय बसतो, तू नऊच्या आसपास ठेव. पंपाबरोबर मापक घे, अंगठ्याने दाबून कळत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात शिवण उसवलेला चेंडू हेडरला वापरायचाच नाही, तो आजही पाणी पितो.

कन्कशन, म्हणजे माराने मेंदूला बसणारा धक्का, बऱ्याचदा चेंडूने होत नाही, हवेत उडी मारताना डोक्यावर डोकं किंवा कोपर आदळून होतं. मुलगा गोंधळला, अडखळला, स्कोअर विचारल्यावर चाचरला, तर त्याला बाहेर काढ आणि त्या दिवशी परत उतरवू नकोस, ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी. उलटी, फिट, वाढत जाणारी डोकेदुखी, मान दुखणं किंवा डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही असलं तर थेट हॉस्पिटल. मान दुखत असेल तर जागेवरून हलवू नकोस, अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव. एरवी पहिले २४ ते ४८ तास आराम, मग चालणं, मग हळूहळू धावणं. डोक्याला धक्का बसू शकेल असा सराव सलग चौदा दिवस एकही लक्षण नसल्याशिवाय नाही, आणि सामना एकविसाव्या दिवसाआधी नाही. फायनल दहाव्या दिवशी असेल तर तो मुलगा फायनल खेळणार नाही. हे पालकांना हंगाम सुरू होण्याआधीच लिहून दे आणि त्यांची सही घे. फायनलच्या सकाळी कोणी ऐकून घेत नाही.

तुझा,
सर