नळ घरात, सिलिंडर परड्यात

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये होता तेव्हा घरीच बिअर करून केगच्या, म्हणजे बंद तोंडाच्या पिंपाच्या, नळातून काढायचा. परत येताना १९ लिटरचे दोन स्टीलचे केग आणि नळ घेऊन आलाय. गॅसची जोडणी इथंच करू म्हणतो. शेजारचे गृहस्थ उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. ३० किलोचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर आणि वेल्डिंगचा रेग्युलेटर ते द्यायला तयार आहेत. स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी उभा केला तर चालेल का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : शेजाऱ्यांचं मन न दुखवता, पण स्पष्ट नको म्हणून सांगा. सिलिंडरही नको आणि तो रेग्युलेटरही नको.

मी २६ वर्षं उद्यमबागेतच फाउंड्रीच्या कोअर शॉपमध्ये काढली; ओतकामात पोकळी ठेवायला साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, तिथं बनतात. वाळूत सोडियम सिलिकेट मिसळायचं, कोअर बॉक्समध्ये ठासायचं आणि वरून सीओटू सोडायचा, की वाळू दगडासारखी घट्ट होते. रोज हाताळलेला गॅस तो. एका पावसाळ्यात रात्रपाळीनंतर नळीचा एक जोड ढिला राहिला आणि गॅस रात्रभर मशीनजवळच्या खड्ड्यात साचला. वास नाही, रंग नाही. सकाळी माझा जोडीदार आत पडलेला पाना काढायला उतरला आणि उभ्या उभ्या खाली बसला. मी त्याच्यामागं उडी टाकणार, तेवढ्यात मुकादमानं माझी कॉलर धरून मागं ओढलं. ब्लोअर लावून आधी हवा खेळवली, मग दोर बांधून एकाला उतरवलं. जोडीदार वाचला, दोन दिवसांनी दवाखान्यातून घरी गेला. मी उतरलो असतो तर दोघं गेलो असतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर जरा लांबवतो, राग मानू नका.

सीओटू हवेच्या दीडपट जड. एक किलो द्रव गॅस मोकळा झाला की साधारण ५५० लिटर होतो. तुमची दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे २८,३०० लिटर हवा. ६ किलोचा सिलिंडर तिथं पूर्ण गळला तर खोलीत ११ टक्क्यांच्या आसपास सीओटू होतो. १० टक्क्यांना माणूस एखाद-दोन मिनिटांत शुद्ध हरपतो. ३० किलोचं गणित तुम्हीच करा. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर खिडक्या बंद, आणि घरातली निम्मी माणसं सतरंजीवर जमिनीलगत झोपतात. जड गॅस आधी तिथंच पोचतो.

घराला लागतो तरी किती? १९ लिटरच्या एका केगला फेस धरायला आणि शेवटच्या ग्लासापर्यंत ढकलायला मिळून १६० ते १७० ग्रॅम. म्हणजे २ किलोच्या सिलिंडरवर दहा-बारा केग होतात. मत्स्यटाकीत झाडं वाढवणारी मंडळी असलाच छोटा सिलिंडर वापरतात. मात्र भरून घेताना खाद्य दर्जाचा गॅस मागा, ज्याचा खाद्य क्रमांक २९० आहे. वाळू घट्ट करायच्या गॅसमध्ये तेलाचा अंश आहे की काय, हे फाउंड्रीत कुणी बघत नाही; बघायची गरजही नसते. सिलिंडरच्या गळ्यावर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखालच्या तपासणीची) तारीख कोरलेली असते, ती पाच वर्षांच्या आतली हवी. आणि आग विझवायचा जुना सीओटू सिलिंडर कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, त्यातून गॅसऐवजी द्रव बाहेर येतो.

आता रेग्युलेटर. वेल्डिंगचा रेग्युलेटर मिनिटाला किती लिटर गॅस वाहतो ते सांभाळतो. केगमध्ये किती प्रेशर साचलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तोंड बंद असलेल्या केगवर तो प्रेशर चढवत जातो. तुम्हाला दोन घड्याळांचा (प्रेशर दाखवणाऱ्या गेजांचा), कमी प्रेशर नीट दाखवणारा आणि स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह असलेला ड्रिंक्सचा रेग्युलेटरच लागेल. इथं काटकसर करू नका.

सिलिंडर परड्यात ठेवा, भिंतीच्या सावलीत, साखळीनं बांधून, उभाच. आडवा झाला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. नळी भिंतीला भोक पाडून आत घ्या, केग फ्रीजमध्ये राहू दे. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर बसतो, तोच गॅस अडवतो. आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळून काही होत नाही, उलट वॉशर नीट दबत नाही. जोडून झालं की रेग्युलेटरची चावी उलटी फिरवून पूर्ण ढिली करा आणि मगच सिलिंडर सावकाश उघडा. तोंड घड्याळासमोर नको, बाजूला उभे राहा. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. नंतर सिलिंडर बंद करून काटा रात्रभर तसाच राहतो का पाहा. आणि रोजची सवय एवढीच : वाढून झालं की सिलिंडर बंद.

केगच्या गॅस-तोंडाआधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे उलटं येऊ न देणारी झडप, हवाच, आणि त्याच्या पुढं तांबं-पितळ नको. आंबट, गॅस भरलेलं पाणी उलटं येऊन तांब्यात राहिलं तर तांबं पाण्यात उतरतं आणि पोट बिघडतं. आंबट ताक तांब्याच्या भांड्यात ठेवू नका म्हणून घरातली मोठी माणसं सांगतात, ते याच कारणानं.

प्रेशर : ४ अंशांवर थंड केलेल्या बिअरला १२ पीएसआय (चौरस इंचाला १२ पौंड), म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या जरा वर. प्रेशरचे छापील तक्ते समुद्रसपाटीचे असतात. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, म्हणून एक पीएसआय वाढवून १३ ठेवा. आठवडाभरात गॅस मुरतो. केग हलवून घाई केली तर चव आणि फेस दोन्ही बिघडतात.

एक गोष्ट मुलाला बसवून सांगा. तिकडे इंग्लंडात स्वतःपुरती बिअर घरी करता येते. कर्नाटकात १९६५ च्या अबकारी कायद्याखाली परवान्याशिवाय करता येत नाही. परमिटविना गोव्याहून चोर्ल्याच्या रस्त्यानं आणणंही गुन्हाच. जोडणी वाया जायची नाही. माझ्या घरी असल्याच केगमधून गेली सहा वर्षं कोकम सोडा निघतो. पाणी ४ अंशांवर, ३० पीएसआय. आगळ ग्लासात घालायचं, केगमध्ये नव्हे. गणपतीत पंगतीला आलेल्या पोरांची त्या नळापुढं रांग लागते.

प्रश्न : आम्ही तुमच्या जुन्या उत्तराप्रमाणं सोड्याचा केग बसवला, पण नळातून निम्मा फेसच येतो. प्रेशर कमी केलं तर दोन दिवसांत सोडा पांचट होतो.
— एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, प्रेशरला हात लावू नका, नळीची लांबी बघा. बहुतेक तुम्ही हातभर नळी लावली आहे. केगमधलं प्रेशर नळापर्यंत येता येता नळीत घासून संपायला हवं, नाहीतर ते ग्लासात येऊन फुटतं. आतून ४.८ मिलिमीटरची नळी बिअरला दहा फूट लागते. सोड्याचं प्रेशर जास्त, म्हणून त्याच्या दुप्पट तरी घ्या आणि वेटोळं करून फ्रीजमध्येच ठेवा. नळी बाहेरच्या उन्हात राहिली तर पहिला ग्लास फेसाचाच यायचा. नळ अर्धवट उघडून जपून ओतायची सवय असेल तर ती सोडा. एका झटक्यात पूर्ण उघडा.

प्रश्न : सिलिंडरचं मोठं घड्याळ महिनाभर हललंच नाही, आणि एप्रिलमध्ये उलट वर चढलं. बिघडलं का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : बरोबर चाललंय. आत द्रव आहे तोवर घड्याळ फक्त हवेचं तापमान सांगतं : २० अंशांना ८३० पीएसआयच्या आसपास, ३० अंशांना हजाराच्या पुढं. ३१ अंशांच्या वर तर आत द्रव उरतच नाही, म्हणून निपाणीच्या एप्रिलात काटा चढतो. याच कारणानं सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, वजनानंच भरणाऱ्याकडे जा. गच्च भरलेला उन्हात धोक्याचा. घड्याळाचा काटा पडायला लागला म्हणजे द्रव संपला, एखादा केग निघेल. किती उरलाय ते हवं असेल तर टांगायच्या काट्यावर वजन करा आणि गळ्यावर कोरलेलं रिकाम्याचं वजन वजा करा. रेग्युलेटर काढून मगच तोला.